पानाखालचा शब्द

"थांबा. झाडू नका. तो नुक्ता आहे."

वाचनगृहात इतक्या मोठ्यानं कुणी बोलत नसे, आणि ती तर कधीच नाही. पण समोरच्या टेबलावर एक अनोळखी माणूस मऊ ब्रश घेऊन फारसी दप्तराच्या पानावर वाकला होता, आणि त्याचा ब्रश एका काळ्या ठिपक्यापासून बोटभर अंतरावर पोचला होता. त्यानं मान वर केली.

"नुक्ता म्हणजे?"

"म्हणजे ठिपका. फारसीत सगळा खेळ ठिपक्यांचा असतो. खाली एक दिला की ब, वर एक दिला की न. तुम्ही तो झाडलात, तर एखाद्या गावाचं नावच बदलेल."

"आणि माशीनं टाकलेला असेल तर?"

"अडीचशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाचं काम माशीवर ढकलू नका."

त्यानं पान उजेडाकडे कलतं करून धरलं आणि पातळ सुरीचं टोक ठिपक्याला हलकेच लावलं. ठिपका टुणकन उडाला. खाली कागद स्वच्छ होता.

"शाई कागदात मुरते," तो म्हणाला. "माशीचं वर बसून राहतं. मला फारसी येत नाही, पण एवढं कळतं."

आता चूक कबूल करायची तिला फारशी सवय नव्हती. त्यात चूक दाखवणाऱ्याच्या गालाला हसू दाबताना खळी पडावी, हा तर तिला सरळसरळ अन्याय वाटला. ती आपल्या जागेवर जाऊन बसली आणि पुढचा तासभर एकच ओळ वाचत राहिली.

तो दप्तरं दुरुस्त करून नव्यानं बांधणारा होता, महिनाअखेरपर्यंतच्या करारावर आलेला. ती फारसी वाचणारी. दोघांचं काम एकाच दप्तरावर होतं, म्हणून ग्रंथपालबाईंनी दोघांना एकच लांब टेबल दिलं. एका टोकाला तिचे कोश आणि भिंग, दुसऱ्या टोकाला त्याचा पानं दाबून बसवायचा लाकडी दाब, दोऱ्याची रिळं आणि चिकटवायच्या खळीचं भांडं. त्यानं तिला नुक्ताबाई म्हणायला सुरुवात केली, तिनं त्याला खळोजी. हाक मारली की दोघंही ओ देत, त्यामुळे खरी नावं विचारायची राहूनच गेली.

दप्तर एका जुन्या प्रांताच्या कारभाराचं होतं. गावोगावची जमीन किती, कसणारी माणसं किती, विहिरी किती, पाहणीला कोण आलं आणि त्यानं काय पाहिलं, हे सगळं घाईच्या मोडक्या फारसी अक्षरात. इतिहासाच्या पुस्तकांत राजे असतात. इथं नांगर होते.

आणि हे दप्तर तिच्या घरचंच असल्यासारखं होतं. अडतीस वर्षांपूर्वी तिचे बाबा, एका शाळेत इतिहास शिकवणारे, सुट्टीच्या सुट्टी याच टेबलावर बसून ते वाचत होते. त्यातून त्यांनी आयुष्यातलं एकुलतं एक पुस्तक लिहिलं, 'बारा बेचिराग गावं'. जमीन मोजायला आलेल्या एका अमिनानं वर्षभरात बारा गावं कशी ओस पाडली, त्याची ती हकिगत.

"बेचिराख म्हणतो ना आपण, त्यात राख नाही," बाबा सांगत. "बे-चिराग. संध्याकाळी जिथं दिवा लागत नाही, ते गाव."

आता त्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघत होती. बाबांची नजर झपाट्यानं जात चालली होती, आणि डॉक्टरांनी हातचं राखून न बोलता सांगितलं होतं की वर्ष संपेपर्यंत जेमतेम उजेड आणि अंधार कळेल. पुस्तक त्याआधी हातात यावं, मुखपृष्ठावरचं नाव एकदा स्वतःच्या डोळ्यांनी वाचावं, एवढंच बाबांना हवं होतं. म्हणून ती मूळ दप्तराशी ओळ न् ओळ ताडून बघत होती. छपाईला पाच आठवडे उरले होते.

"नुक्ताबाई, एक विचारू?" एकदा दुपारी चहाचा कप दप्तरापासून हातभर लांब ठेवत तो म्हणाला. "या पानाच्या तळाशी, कोपऱ्यात, एकटाच शब्द लिहिलाय. ओळीत मावला नाही म्हणून?"

ती उठून त्याच्या बाजूला गेली. तिच्या ओढणीला जुन्या कागदाचा वास होता आणि त्याच्या बाहीला खळीचा… दोघांनीही तो घेतला आणि दोघांनीही तसं दाखवलं नाही.

"ती रिकाब," ती म्हणाली. "आपली रिकीब. घोड्यावर चढताना पाय ठेवतो ती. पुढच्या पानाचा पहिला शब्द या पानाखाली लिहून ठेवायचा. पानं सुटी झाली तरी कुठल्यामागे कुठलं, ते कळतं."

"म्हणजे पुढच्या पानावर चढायची रिकीब."

"हो. या दप्तरात मात्र तीन-चार पानांवरच आहे. कारकून आळशी होता, असं बाबा म्हणतात."

त्यानं पानाच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं. "कड फार सरळ आहे," तो स्वतःशीच म्हणाल्यासारखा म्हणाला. मग मागच्या पुठ्ठ्याच्या आतली दोऱ्याची गाठ दाखवून, जरा ताठ होऊन, "ही बांधणी माझ्या काकांची. अशी दुहेरी गाठ तेच मारायचे. मला हे काम त्यांनीच शिकवलं. आता ते नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या कोशावर एक चिठ्ठी होती. "रात्री पावसाची सर येऊन गेली. पानं ओलसर आहेत. खिडकी बंद ठेवावी." आणि खाली कोपऱ्यात एकटाच शब्द: "कृपया".

तिला खेळ कळायला वेळ लागला नाही. तिनं उत्तर लिहिलं, "कृपया आपलं भांडं माझ्या कोशापासून लांब ठेवावं." आणि कोपऱ्यात, "खळ".

"खळ या शब्दाचा दुसरा अर्थ दुष्ट माणूस असा होतो. कोशात बघितलं, कोश तुमचाच. मग तुम्ही मला रोज खळोजी म्हणता ते नक्की कुठल्या अर्थानं?" कोपऱ्यात, "तिसरा".

"तिसरा अर्थ कोशात नाही. तो गालावर पडतो."

हे लिहून ती चहा आणायला गेली, आणि अर्ध्या वाटेत तिला आपण काय लिहून बसलो ते उमगलं. ती जवळजवळ पळतच परत आली. तोवर त्यानं वाचलं होतं. तो दोऱ्याला मेण लावत राहिला. पण त्याचे कान लाल झाले होते आणि तिसरा अर्थ लपता लपत नव्हता.

असे पंधरा दिवस गेले. तिनं त्याला काही फारसी शब्द मोठ्या अक्षरात लिहून दाखवले: गाव, नदी, रयत, बाबांच्या पुस्तकाच्या नावातला बेचिराग. तो ते वाचत नसे, चित्रासारखे ध्यानात ठेवत असे. ती सकाळी लवकर यायला लागली. घरी बाबा म्हणाले, "दप्तरखान्याची वेळ बदलली का गं?" ती म्हणाली, काम वाढलंय. आणि हे तसं खोटंही नव्हतं.

मग ग्रंथपालबाईंकडून तिला कळलं की त्याला दुसऱ्या शहरातल्या दप्तरखान्यातून बोलावणं आलंय. त्या दिवशी तिची चिठ्ठी छोटी होती. "महिनाअखेर तुम्ही जाणार असं ऐकलं." पुढं बरंच लिहिलं आणि फाडून टाकलं. कोपऱ्यात तेवढा एक शब्द ठेवला: "जर".

दुसऱ्या दिवशी उत्तर नव्हतं. तिसऱ्या दिवशीही नाही. तो पाठ करून काम करत होता आणि चहालाही उठत नव्हता. तिच्या जिवाला चैन पडेना. आपणच फार पुढं गेलो, त्या दोन अक्षरांत नको तितकं दिसलं असणार, असं म्हणून तिनं स्वतःला मनसोक्त बोल लावून घेतले. चौथ्या दिवशी मात्र ती सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"उत्तर द्यायचं नसेल तर नका देऊ. पण माणसानं बोलावं तरी."

त्यानं मान वर केली. तीन रात्री झोप नसलेला चेहरा होता तो. त्यानं खालचा खण उघडला आणि एक पसरट पेटी टेबलावर ठेवली. आत कागदाच्या करंगळीएवढ्या रुंदीच्या पट्ट्या होत्या. प्रत्येक पट्टीवर एकच शब्द.

"काकांची बांधणी उसवली तेव्हा सापडल्या," तो म्हणाला. "पुस्तकाच्या कण्याला आतून कागदाच्या पट्ट्या लावतात, मजबुतीसाठी. काका त्यासाठी नवा कागद वापरत नसत. कडा सारख्या करताना जे कापलं जायचं, तेच आत लावायचे. कारकून आळशी नव्हता, नुक्ताबाई. सगळ्या पानांना रिकीब होती. काकांनी ती कापली, तुमचे बाबा इथं यायच्या आधीच. त्यांनाही फारसी येत नव्हती."

"मग ही तर चांगली गोष्ट झाली की…"

"मी प्रत्येक पट्टी तिच्या पानाखाली लावून बघितली. किडीची भोकं जुळवली, डाग जुळवले. सगळ्या बसल्या. पण दोन ठिकाणी तळाशी एक शब्द आहे आणि पुढच्या पानाची सुरुवात दुसऱ्याच शब्दानं होते. इथला शब्द एकतीस पानं पुढं सापडतो, आणि तिथला इथं. दोन पानांची अदलाबदल झालीये. काकांच्याच हातून झाली असणार. आधी कापलं, मग पानं घसरली असतील, आणि लावायला खूणच उरली नव्हती."

"कुठली पानं?"

त्यानं पान तिच्यासमोर सरकवलं आणि त्याच्या खाली पट्टी लावली.

ते पान तिला तोंडपाठ होतं. 'या अमिनाच्या काळात ही बारा गावं', एवढ्यावर ते संपत होतं, आणि उलटलं की पुढचं पान सुरू होई, 'बेचिराग झाली'. इथंच बाबांचं पुस्तक सुरू होत होतं. आता त्या पानाखाली, भोकाला भोक जुळवून, एक वेगळाच शब्द होता. आबाद.

या अमिनाच्या काळात ही बारा गावं आबाद झाली.

तिनं एकतीस पानं पुढचं पान ओढलं. तिथं नदीला मोठा पूर येतो आणि पलीकडची गावं आबाद होतात. पुरानं गावं आबाद कशी होतील? बाबांनी त्यावर दीड पानाची तळटीप लिहिली होती. पुरासोबत आलेला गाळ, गाळानं सुपीक झालेली शेतं, परत आलेली माणसं. मोठमोठ्या अभ्यासकांनी त्या तळटिपेची वाखाणणी केली होती. लहानपणी तिला ती गोष्टीसारखी ऐकायला आवडायची. आणि तिथल्या पट्टीवर साधा, सरळ शब्द होता, बेचिराग. पूर आला आणि गावं गेली. एवढंच.

"तुम्हाला वाचता येत नाही," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "आकारांवरून काय कळतं तुम्हाला?"

"बाबांच्या पुस्तकाचं नाव तुम्हीच लिहून दाखवलं होतं," तो हळू म्हणाला. "तेवढा एक आकार मी विसरत नाही. तो चुकीच्या जागी आहे हे कळलं, आणि मग… तुमच्याशी बोलायचं धाडसच होईना."

मग ती जे म्हणाली, ते आठवून तिला पुढं कितीतरी दिवस लाज वाटत राहिली.

"परत लावून टाका. होत्या तिथं, कण्याच्या आत. बाबांच्या डोळ्यांना काही महिने उरलेत. खळ आहे ना तुमच्याकडे?"

"आहे," तो म्हणाला. "तुम्ही म्हणालात तर लावीन. कुणाला कळणार नाही. पण काकांनी कापलं ते नकळत. मी चिकटवलं, तर ते कळून-सवरून होईल. मग तुमच्यासमोर या टेबलावर मला बसता येणार नाही."

ती कोश मिटून निघून गेली.

घरी बाबा खिडकीशी बसून तिची वाट बघत होते. छापखान्यातून आलेले कागद ती रोज संध्याकाळी त्यांना वाचून दाखवायची. त्यांनाही ते पाठ होते. चुकलं की ते नुसतं बोट वर करत. ती वाचत गेली आणि त्या वाक्यापाशी आली. 'या अमिनाच्या काळात ही बारा गावं…' पुढचा शब्द तिच्या तोंडून निघेना. बाबा थांबले. त्यांनी बोट वर केलं नाही.

"काय झालं, बाळा?"

खोटं बोलणं त्या क्षणी अगदी सोपं होतं. बाबांना तिचा चेहराही नीट दिसत नव्हता. पण ज्यांनी फारसी शिकवताना एकेका नुक्त्यासाठी तिला आठ-आठ दिवस झुलवलं होतं, त्यांच्यासमोर ते जमेना.

"उद्या सकाळी माझ्याबरोबर दप्तरखान्यात याल?" ती म्हणाली. "एक रिकीब दाखवायचीये."

सकाळच्या स्वच्छ उजेडात बाबा आपल्या जुन्या टेबलाशी बसले. बांधणारा भिंतीशी उभा राहिला, हात मागे बांधून. तिनं पान ठेवलं, पट्टी ठेवली आणि बाबांच्या हातात भिंग दिलं. त्यांनी आधी भिंग वापरलंच नाही. बोटानं पानाची कड चाचपली, पट्टीची कड चाचपली, दोन्ही एकमेकींना कशा बसतात ते पाहिलं. मग ते वाकले, नाक कागदाला टेकेल इतके.

"अलिफ," ते पुटपुटले. "वर मद्द, म्हणजे आ. बे… परत अलिफ. दाल."

"दुसरी पट्टी," ते म्हणाले. तिनं ती दिली. तीही त्यांनी वाचली.

"गाळ," बाबा म्हणाले. "मी त्यात गाळ आणला." ते हसले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

भिंतीशी उभा असलेला तो पुढं आला. "साहेब, कडा कापणारे माझे काका होते. त्यांच्या वतीनं मी…"

"तुमच्या काकांनी शब्द कापला," बाबा म्हणाले. "गोष्ट मी रचली. नदीच्या पुरानं गाव वसतं का कधी? शेतकऱ्याच्या पोरालाही विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. पण मला ती बारा गावं अंधारातच हवी होती. पुस्तक त्यावर उभं होतं ना." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "अडतीस वर्षं मी एका भल्या माणसाला शिव्या घातल्या. तो बिचारा गावं वसवत होता."

"बाबा, छपाईला दोन आठवडे…"

"थांबव. नव्यानं लिहावं लागेल. नावासकट."

"पण वर्षभर लागेल. तोवर तुमचे…"

"तोवर दिसणार नाही, ठाऊक आहे. तू वाचून दाखव." त्यांनी डोळे पुसले आणि चेहरा खिडकीच्या उजेडाकडे वळवला. "म्हणजे त्या गावांत दिवे लागत होते. बाराच्या बारा. हे कळायला डोळे पुरले, बरं झालं." मग जरा वेळानं, "पट्ट्या जुळवल्या कुणी?"

"यांनी. फारसी न येता."

"हं," बाबा म्हणाले, आणि मघाशी त्याचा आवाज आला होता त्या दिशेला त्यांनी हात पुढं केला. त्यानं तो दोन्ही हातांत घेतला.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. दप्तर नव्यानं बांधून झालं होतं. दोन्ही पानं आपापल्या जागी गेली होती, आणि प्रत्येक पट्टी पातळ कागदानं तिच्या पानाखाली जोडलेली होती. त्यामुळे कडा वेड्यावाकड्या दिसत होत्या. त्यानं एकही सारखी केली नव्हती.

टेबलाचं दुसरं टोक रिकामं होतं. दाब, रिळं, भांडं, सगळं एका पेटीत भरून तो ग्रंथपालबाईंच्या खोलीत कागदांवर सही करायला गेला होता. तिच्या कोशावर चिठ्ठी होती. दोन आठवड्यांपूर्वीच्या तिच्या शब्दाला आलेलं उत्तर.

"जर मला वाचता येत असतं, तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, असं मी स्वतःला समजावत होतो. ते खरं नाही. मी घाबरलो होतो. त्या पट्ट्या दाखवल्या तर बाबांचं पुस्तक जाईल आणि त्याच्याबरोबर तुम्ही जाल, याची भीती होती. तुमच्या बाबांना मी त्या सकाळी पाहिलं आणि माझी मलाच लाज वाटली. उद्या सकाळी मी निघतोय."

तिनं कोपऱ्यात पाहिलं. काहीच नव्हतं. मग तिनं चिठ्ठी उजेडाकडे कलती करून धरली, तो धरायचा तशी. खालची कड सरळ होती. फार सरळ.

तो दारात आला तेव्हा ती चिठ्ठी हातात घेऊन उभी होती.

"पट्टी कुठंय?" तिनं विचारलं.

"कसली पट्टी?"

"इतके दिवस माझ्यासमोर बसलात. कापलेली कड ओळखता येणार नाही होय मला?"

मग त्यानं शर्टाच्या खिशातून करंगळीएवढ्या रुंदीची एक पट्टी काढली आणि तिच्या हातावर ठेवली. "धीर झाला नाही," तो म्हणाला. "आमच्या घराण्यातच आहे ते… कापणं."

तिनं चिठ्ठी टेबलावर ठेवली. पट्टी तिच्याखाली सरकवली, कडेला कड लागेपर्यंत. बरोबर बसली. कोपऱ्यात एकच अक्षर होतं, त्यावर ना नुक्ता ना काही.

"तू," तिनं वाचलं. आणि पुढचं पान तिनं तोंडीच सुरू केलं.

"तू मला हवा आहेस. उद्याची गाडी सोडून दे. बाबांना वर्षभर वाचून दाखवायचंय, आणि माझा एकटीचा आवाज त्याला पुरणार नाही."

त्याच्या गालावर खळी पडली, आणि या वेळी ती दाबायचा त्यानं प्रयत्नही केला नाही. मग त्यानं पेटी उघडली आणि खळीचं भांडं काढून परत टेबलावर ठेवलं, कोशाच्या अगदी जवळ.